'तीन लाखांत आर्मीचा ट्रक' म्हणे! माझी खर्चाची वही बघा

महिनाभरात हा मेसेज मला निदान सात-आठ ग्रुपवर आलाय. आर्मीच्या लिलावात निसान वन टन, म्हणजे आर्मीचा जुना छोटा ट्रक, ८० हजाराला मिळतो, वर दोन लाख घातले की तीन महिन्यांत नवाकोरा, मग रिसॉर्टवाल्याला दहा लाखांना विका नाहीतर लग्नांना भाड्याने द्या, असं त्यात लिहिलंय. परवा आमच्या वाड्यावरचा एक पोरगा आईचे दागिने गहाण ठेवून हे करायला निघालेला, म्हणून लिहायला बसलो. माझ्याकडे वन टन आहे, गोव्यात डिचोलीला घरामागच्या शेडमध्ये उभा आहे आणि पहिल्या दिवसापासूनचा खर्च मी वहीत लिहिलाय. ९ लाख ९५ हजार रुपये आणि दोन वर्षं आठ महिने. दर रविवारी मी स्वतः ग्रीसमध्ये हात घातले त्याचा एक पैसाही त्यात धरलेला नाही.

आधी ते ८० हजार. लिलावातली गाडी जशी आहे, जिथे आहे तशीच घ्यायची असते, बोलीवर जीएसटी वेगळा, आणि ती डेपोतून उचलून आणायची जबाबदारी तुमची. मी लिलावातून घेतलीच नाही, आधीच सिव्हिल नंबरवर, म्हणजे आरटीओच्या साध्या नंबरवर, असलेली घेतली, म्हणून २ लाख १० हजार पडले. क्रेन आणि ट्रेलरने चोर्ला घाटातून खाली आणायला ४८ हजार. म्हणजे पाना हातात घ्यायच्या आधीच अडीच लाख गेले.

सिव्हिल नंबरवालीच का घेतली ते नीट वाचा, कारण मेसेजमध्ये कागदांबद्दल एक शब्द नाही. आर्मीची गाडी नावावर करायची तर नियमाप्रमाणे संबंधित अधिकाऱ्यांचं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं, फॉर्म २१ मध्ये. चार हात फिरून आलेल्या गाडीला ते नसेल तर तुम्ही भंगार विकत घेतलंय, मग ते कितीही चकाचक करा. कोणी म्हणेल विंटेजमध्ये, म्हणजे जपून ठेवलेल्या जुन्या गाड्यांत, नोंदवू. २०२१ च्या विंटेज नियमात ५० वर्षांवरच्या दुचाक्या आणि खाजगी प्रवासी मोटारी येतात, मालवाहू ट्रक येत नाही, आणि ज्या येतात त्यांनाही धंदा करायला बंदी आहे. लग्नाच्या भाड्याचं गणित इथेच संपलं. मालवाहू म्हणून नोंद असली तर दरवर्षी फिटनेसची तपासणी आलीच. आणि हो, तो हिरवा रंग! मोटार वाहन नियमांत १२१ नंबरचा नियम आहे, संरक्षण खात्याची गाडी सोडून कुठल्याच गाडीला ऑलिव्ह ग्रीन मारता येत नाही. मेसेजमधला फोटो नेमका त्याच रंगातला आहे. माझी मी राखाडी केली. बंपर घासताना खालून आर्मीचा जुना बाणाचा नंबर वर आला तेव्हा त्यावर रंग मारायला खरंच मन झालं नाही, दोन दिवस तसाच ठेवला होता.

आता 'वर दोन लाख'. नुसतं टिंकरिंग, वेल्डिंग आणि रंग यांचे मला २ लाख ३० हजार झाले. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर खारी हवा, कुठे पत्रा उघडा राहिला की गंज थांबत नाही. मेस्तानं, म्हणजे मिस्त्रीनं, पहिल्या दिवशी हातोडी घेऊन चेसिसवर ठोकत नेली, ठण ठण ठण, आणि मागच्या स्प्रिंगच्या हँगरजवळ आवाज एकदम ढप झाला. रंगाचे पाच थर होते, वरून काही दिसत नव्हतं, आत बोट जाईल एवढं भोक. तेवढा तुकडा कापून नवीन प्लेट घालण्यात बारा दिवस गेले.

पण मला सगळ्यात राग कशाचा येतो तर मेसेजमध्ये ब्रेकचं नावच नाही याचा. वन टनला चारही चाकांना हायड्रॉलिक ड्रम ब्रेक, गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की व्हील सिलिंडरमधले, म्हणजे चाकातल्या ब्रेकचे, पिस्टन आतल्या आत चिकटतात. माझा एक तर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवूनही हलेना, शेवटी लेथवर कापून काढला. तयार सिलिंडर मिळेनात म्हणून जुन्यांना आतून स्लीव्ह घालून घेतल्या, नवे कप, मास्टर सिलिंडर, सगळे पाइप, ड्रम टर्निंग, लायनिंग, मिळून ६२ हजार. हे न करता नुसता रंग मारून ही गाडी कोणी घाटात घातली तर माणसं मरतील.

इंजिन ३९५६ सीसी, सहा सिलिंडर पेट्रोल, जोंगाचंच, म्हणजे आर्मीच्या जुन्या जीपसारख्या गाडीचं. रीबोअर, ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग धरून १ लाख ६५ हजार. त्यातही पिस्टनचा सेट मिळेपर्यंत चार महिने काम ठप्प, मुंबईत कुर्ल्याला दोन खेपा घातल्या, शेवटी दिल्लीच्या मायापुरीतून आला. खाण पट्ट्यातले आपले मिस्त्री टिपर डोळे मिटून खोलतात, हात सोन्याचे आहेत त्यांचे, पण जो पार्ट बनतच नाही तो ते तरी कुठून आणणार.

टायर, गिअरबॉक्स आणि एक्सलची सीलं-बेअरिंगं, वायरिंग, रेडिएटर, टाकी, हूड यांचे मिळून २ लाख ८० हजार.

बरं, झाली गाडी, तरी ती लिटरला चार किलोमीटर देते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, जुने रबरी होज आणि पंपाचा डायफ्राम त्यानं फुगतात, मी एकदा सगळे बदललेत. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून गाडी उभी केली की इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

दहा लाखांना विकायचं म्हणाल तर माझ्याकडे दोघे येऊन गेले. एकाने साडेचार सांगितले. दुसऱ्याला किनाऱ्यावर फिरवायला हवी होती, गोव्यात किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदा आहे हे सांगितल्यावर तो परत आला नाही. मला विकायची नाहीच, मला ही गाडी लहानपणापासून आवडते आणि त्या दहा लाखांचं मला जराही वाईट वाटत नाही, पण ते माझे साठवलेले होते, कुणाच्या आईचे दागिने नव्हते.

त्या मेसेजच्या शेवटी ६१ साली गोवा मुक्त करायला आलेल्या जोंगाही मिळतील असं लिहिलंय. जोंगा जबलपूरला बनायला लागली तीच ६१ नंतर.

त्या पोराला मी रविवारी बोलावलंय. वही देतो वाचायला, मग त्याला पसंत पडलेली गाडी बघायला दोघे जाऊ, हातोडी मी घेईन.