बीबीएम दिलं म्हणून ब्लॅकबेरी बुडाली?

आमच्या यावल-रावेरकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आपली खास फीचर्स दुसऱ्या कंपनीच्या फोनवर देणं म्हणजे स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणं. ब्लॅकबेरी या फोन कंपनीने आपलं बीबीएम हे निरोप पाठवायचं अ‍ॅप अँड्रॉइडला दिलं आणि ती बुडाली; अ‍ॅपल आयमेसेज ही आपली संदेशसेवा देत नाही म्हणून टिकून आहे. शिवाय म्हणे, सगळ्यांना दिलं की सुरक्षा जाते. वर दाखला, की जळगावचा सराफ आपला माल शेजारच्या पेढीवर ठेवतो का?

आधी ब्लॅकबेरी. बीबीएम आलं २००५ मध्ये, आणि अँड्रॉइड-आयफोनवर पोचलं थेट ऑक्टोबर २०१३ मध्ये. त्याच्या महिनाभर आधीच कंपनीने साडेचार हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं होतं. म्हणजे घर आधी बसलं, दार नंतर उघडलं. मधल्या काळात २००९ ला निघालेलं व्हॉट्सअ‍ॅप आयफोन, अँड्रॉइड, नोकिया, एवढंच काय, खुद्द ब्लॅकबेरीवरही चालू लागलं होतं. बीबीएमचं बाहेर येणं हे वरातीमागून घोडं होतं. दोष घोड्याला कशाला?

अ‍ॅपलचं उदाहरण तर मेसेजवाल्याने अर्धंच सांगितलंय. गाणी ऐकायचा आयपॉड २००१ ला आला तेव्हा तो फक्त कंपनीच्याच मॅक संगणकाला जोडता यायचा. ऑक्टोबर २००३ मध्ये अ‍ॅपलनेच आयपॉडमध्ये गाणी भरायचं आयट्यून्स विंडोजवर आणलं, आणि आयपॉडचा खरा खप त्यानंतरचा. २०१५ पासून अ‍ॅपल म्युझिक अँड्रॉइडवरही मिळतं. याने कंपनी बुडाल्याचं दिसत नाही.

आयमेसेजचं कुलूप मात्र फायद्याचं आहे, हे मान्य. एपिक गेम्स या गेम बनवणाऱ्या कंपनीने अ‍ॅपलवर भरलेल्या खटल्यात २०२१ मध्ये जुने ईमेल बाहेर आले. त्यात अ‍ॅपलच्याच वरिष्ठाची चिंता अशी, की आयमेसेज अँड्रॉइडवर दिलं तर आयफोनवाले आईबाप मुलांना अँड्रॉइड घेऊन देतील. फायदा आहेच, पण तो कंपनीचा. आपण तो फॉरवर्ड का करतोय, हे मला कळलेलं नाही.

"सगळ्यांना दिलं की सुरक्षा जाते" हा मुद्दा दोन ओळींत संपतो. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सगळ्या प्रकारच्या फोनांवर एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केलं, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून संदेश कोणालाच वाचता येत नाही. उलट आयमेसेज अँड्रॉइडवर नसल्यामुळे आयफोनवरून अँड्रॉइडला जाणारा संदेश वर्षानुवर्षं साध्या एसएमएसने, विनाकुलूप जात राहिला.

आता सराफ. माल शेजाऱ्याकडे ठेवत नाही, बरोबर. पण जळगावात घेतलेली पाटली धुळ्याच्या सराफाने हातात घ्यायलाही नकार दिला असता, तर जळगावच्या सोन्याला विचारलं कोणी असतं? घडणावळ प्रत्येकाची वेगळी राहू दे, हॉलमार्क सगळीकडे एकच चालतो. तसंच कॅमेऱ्याची करामत, चिपचा वेग कंपनीने खुशाल स्वतःकडे ठेवावा. निरोपाला मात्र दोन टोकं असतात आणि दुसरं टोक कंपनीच्या मालकीचं नसतं.

हे मी घरी पाहिलंय. बहीण पुण्यात, तिच्याकडे आयफोन. आई गावी, तिच्याकडे अँड्रॉइड. फेसटाइमची, म्हणजे आयफोनवरच्या व्हिडिओ कॉलची, लिंक २०२१ पासून अँड्रॉइडच्या ब्राउझरमध्ये उघडते. बामणोदची वांगी काड्यांवर कशी भाजायची ते बहिणीला बघायचं होतं, म्हणून तिने लिंक पाठवली. आईने टिचकी मारली, नाव टाकलं, बहिणीने आत घेईपर्यंत थांबली. वांगी भाजून, बडगीत ठेचून झाली, फोन बंद झाला. मग आईला आठवलं की मिरच्याही त्याच आचेवर भाजायच्या हे सांगायचं राहिलं. तिने परत तीच खिडकी शोधली. पण अँड्रॉइडवरून फेसटाइम लावता येत नाही, कोणी बोलावलं तरच आत जाता येतं. हातातली राख पदराला पुसून तिने व्हॉट्सअ‍ॅप उघडलं.