सामान लावू नका

अमेरिकेतल्या ज्या कॉलेजात तुम्हाला ॲडमिशन मिळाली आहे ते तुमचं कॉलेज नव्हे, हे पहिल्याच आठवड्यात सगळ्यांच्या कानावर घाला. तुमची युनिव्हर्सिटी वेगळी आहे. तिने तुम्हाला घेतलं नाही, एवढंच. ही कारकुनी चूक असून वर्षभरात ट्रान्सफरने, म्हणजे मधूनच कॉलेज बदलून, दुरुस्त होणार आहे, अशा खात्रीने वावरा. डॉर्मच्या, म्हणजे हॉस्टेलच्या, खोलीत सामान लावू नका. भिंतीवर पोस्टर तर मुळीच नको. पलंगावर चादर घातलीत तरी चालेल, पण ती नाइलाजाने घातलेली दिसली पाहिजे.

ड्रीम युनिव्हर्सिटीचा हुडी ऑनलाइन मिळतो, त्याला ॲडमिशन लागत नाही. तो घालून डायनिंग हॉलमध्ये बसा. कोणी विचारलंच, "तू तिकडचा का?", तर "अजून तरी नाही" म्हणा आणि लांब कुठेतरी बघा. रूममेटशी फार बोलू नका. मे महिन्यात निघून जाणाऱ्याने सप्टेंबरात ओळखी वाढवण्यात काय हशील? क्लब, वादविवाद मंडळ, प्रयोगशाळेतलं काम, हे सगळं तिकडे गेल्यावर. इथे केलं तर तो तुमच्या महत्त्वाकांक्षेचा अपव्यय होईल.

प्रोफेसर मंडळींपासून तर चार हात लांबच राहा. ऑफिस अवर्स, म्हणजे प्रोफेसरांनी विद्यार्थ्यांना भेटायला राखून ठेवलेली वेळ, ही ज्यांना इथेच राहायचं आहे त्यांची सोय. वर्गात शेवटच्या रांगेत बसून लॅपटॉपवर ड्रीम युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाचे फोटो पाहा. छत किती उंच आहे बघा!

यात एक बारीकशी अडचण आहे. ती बहुतेकांना फेब्रुवारीत कळते. बऱ्याच नामवंत खासगी विद्यापीठांत ट्रान्सफरच्या अर्जाची मुदत मार्चमध्ये संपते आणि तिथे सहसा शिफारसपत्र मागतात ते कॉलेजच्या प्रोफेसरचं. शाळेतल्या लाडक्या बाईंचं जुनं पत्र पुन्हा जोडून भागत नाही. शिवाय अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या 'कॉमन ॲप'वर ट्रान्सफरवाल्यांसाठी मिड-टर्म रिपोर्ट नावाचा एक फॉर्म असतो. चालू सेमिस्टरचे विषय त्यात लिहायचे आणि प्रत्येक विषय शिकवणाऱ्यांकडून आत्तापर्यंतची ग्रेड भरून घ्यायची. म्हणजे ज्या दारांकडे सहा महिने पाठ फिरवली, ती सगळी दारं एकाच आठवड्यात ठोठवायची.

कॅल्क्युलसच्या बाई चष्मा कपाळावर सरकवून आधी तुमच्या हुडीकडे बघतील, मग फॉर्मकडे. कोणत्या सेक्शनला आहात, ते विचारतील. मग नावाचं स्पेलिंग. टेबलावर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असेल, त्यातून तुमची उपसून काढतील, उलटसुलट करून पाहतील आणि म्हणतील, "चौथं गणित फारच सुरेख सोडवलं आहेस. ही पद्धत मी वर्गात शिकवलीच नव्हती. कधी भेटायला का आला नाहीस?" अशा प्रसंगी गडबडून जाऊ नका. या प्रश्नाला कोणत्याच अर्जात जागा नसते. ग्रेड लिहून झाली का तेवढं बघा आणि निघा.

आता ग्रेडचं. मार्चमध्ये अर्ज करणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे दाखवायला जेमतेम एका सेमिस्टरचे निकाल असतात, त्यामुळे शाळेचे मार्कही बारकाईने पाहिले जातात. म्हणजे गेल्या वर्षी ज्या कागदांवर नकार आला तेच कागद, वर एका सेमिस्टरची पुरवणी. ती पुरवणी तुम्ही मन लावून लिहिली असेलच, कारण ज्या कॉलेजात तुम्ही मुळी नव्हताच, तिथला अभ्यास करायला वेळ भरपूर होता. नावडते विषय सोडून द्यायचा मोह होईल. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर जरा दमानं घ्या: पदवीच्या विद्यार्थ्याला नेहमीच्या सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट (विषयांचं वजन मोजायचं एकक) घ्यावी लागतात, आणि कॉलेज बदलताना सेव्हिस या परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतली नोंदही जुन्या कॉलेजकडून नव्याकडे रीतसर जावी लागते. तुम्ही सध्याच्या कॉलेजात आहात यावर तुमच्यापेक्षा अमेरिकन सरकारचा विश्वास जास्त आहे.

निबंध हा अर्जाचा आत्मा. प्रश्न साधा असतो: इथून का जायचंय, आमच्याकडे का यायचंय? खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. सध्याच्या कॉलेजचं नाव सांगितल्यावर समोरचा "हो का, छान" म्हणतो आणि विषय बदलतो. हे लिहू नका. 'आंतरविद्याशाखीय' हा शब्द वापरा, दोनदा. आपल्या कॉलेजात अमुक अभ्यासक्रमच नाही, असं ठासून सांगा. तो शेजारच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चालतो हे तुम्हाला कसं माहीत असणार? तुम्ही तिथे कधी गेलाच नाहीत.

थोरामोठ्यांचे दाखले हवे असतील तर बराक ओबामा आहेतच. दोन वर्षं ऑक्सिडेंटल कॉलेजात काढून १९८१ साली ते कोलंबियाला गेले. वॉरन बफे यांचं नाव मात्र चुकूनही काढू नका. त्यांनी नामांकित व्हॉर्टन बिझनेस स्कूल सोडून नेब्रास्का विद्यापीठाची पदवी घेतली, म्हणजे स्वतःच्या गावाकडे. असली उदाहरणं तरुण मनांवर वाईट परिणाम करतात.

आकड्यांकडे शक्यतो पाहू नये. प्रिन्स्टनने १९९० नंतर ट्रान्सफर घेणंच बंद केलं होतं. ते २०१८ साली पुन्हा सुरू झालं तेव्हा १,४२९ अर्ज आले आणि १३ जणांना प्रवेश देऊ केला गेला. त्यातही कम्युनिटी कॉलेजातले (ही दोन वर्षांची स्थानिक सरकारी कॉलेजं), कमी उत्पन्नाच्या घरातले आणि सैन्यात सेवा केलेले विद्यार्थी यावेत, असा विद्यापीठाचा हेतू होता. दुसऱ्या बऱ्या कॉलेजात रुसून बसलेल्यांसाठी वेगळा कोटा ठेवायचं त्यांच्याकडून राहून गेलं असावं.

कॅलिफोर्नियाचं उदाहरण तर अगदीच रुक्ष. तिथे कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जायचा राजरस्ता आहे. 'असिस्ट' या संकेतस्थळावर कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कुठे चालतो ते लिहून ठेवलेलं असतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे सहा कॅम्पस तर ठरलेले विषय ठरलेल्या ग्रेडने पूर्ण करणाऱ्यांना प्रवेशाची हमीही देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस त्या सहात नाहीत, पण लॉस एंजेलिसला येणारे बहुतेक ट्रान्सफर विद्यार्थी याच कम्युनिटी कॉलेजांतले असतात. हे लोक पहिल्याच सेमिस्टरला ॲडव्हायझरकडे जाऊन बसतात, यादी करतात, एकेक विषय संपवतात. यात स्वप्न कुठे आहे? हुडी कुठे आहे? नुसतं काम आहे.

क्रेडिटची चिंता आत्ता नको. सिलॅबसच्या फाइली जपून ठेवणारे काही जण असतात, का तर नव्या ठिकाणी विषयाची तुलना करताना त्या मागितल्या जातात. तुम्ही सेमिस्टर संपताच डिलीट करा. अमेरिकन संसदेसाठी काम करणाऱ्या गव्हर्नमेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने २०१७ साली अहवाल दिला होता: २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्यांची अंदाजे ४३ टक्के क्रेडिट वाया गेली. सरासरी आहे, तुम्हाला कशाला लागू होईल? समजा लागू झालीच, तर तुमचा फिजिक्सचा कोर्स ते आनंदाने स्वीकारतील आणि 'इलेक्टिव्ह'मध्ये, म्हणजे ऐच्छिक विषयांत, टाकतील; क्रेडिट जमा होईल पण मेजरसाठी, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयासाठी, फिजिक्स पुन्हा करावं लागेल. त्याच पुस्तकातून, दुप्पट फी भरून. शिवाय अनेक ठिकाणी पदवी हवी तर किमान दोन वर्षं आमच्याकडेच काढा, असा नियम असतो. तुम्हाला तर तिथे चार काढायची होतीच, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

निकाल साधारण मे-जूनमध्ये लागतात. होकार आला तर शिष्यवृत्तीचं काय आणि राहायची सोय आहे का, असले क्षुद्र प्रश्न विचारू नका. ट्रान्सफरवाल्यांना डॉर्मची हमी सगळीकडे नसते, आणि पहिल्या वर्षापासून तिथे असलेली मुलं आपापले गट करून कधीच स्थिरावलेली असतात. पण तुम्हाला एकटं जेवायची सवय आहे. वर्षभर तेच तर केलंत.

नकार आला तर थोडी धावपळ होईल. जुन्या कॉलेजात पुढच्या सेमिस्टरचे विषय एप्रिलमध्येच निवडून झालेले असतात आणि तुम्ही जाणारच होतात, त्यामुळे त्या मेल तुम्ही उघडल्या नसणार. बरे वर्ग भरलेले असतील, सकाळी आठचा स्टॅटिस्टिक्स शिल्लक असेल, तो घ्या. डॉर्मच्या खोलीचा अर्जही राहिला असेल. हाउसिंग ऑफिसला लगेच मेल टाका, विषयात 'अत्यंत तातडीचे' लिहा आणि कारण फार फोडून सांगत बसू नका. जूनमध्ये अशा मेल त्यांना बऱ्याच येतात.