तुम्हाला कोण फसवणार!

सावध कसं राहावं याचे सल्ले भोळ्याभाबड्यांसाठी असतात. तुम्ही काही त्यातले नाही. तुम्ही जग बघितलंय, समोरचा किती पाण्यात आहे ते पहिल्या दोन वाक्यांत ओळखता, आणि कोणाची तरी आयुष्यभराची पुंजी गेल्याची बातमी वाचून 'इतकं कसं कोणी फसतं?' असं दर वेळी मोठ्याने विचारता. तेव्हा तुमच्या योग्यतेला शोभतील अशा काही सूचना इथे देतो. अवघड काही नाही. निम्म्या तर तुम्ही आधीपासूनच पाळत असाल.

मुळात ओळखीची चोरी वगैरे सगळा नुसता बाऊ आहे, असं ठासून म्हणत राहा. ब्रिटनमध्ये 2007 साली सरकारी खात्याकडून सुमारे अडीच कोटी लोकांची माहिती असलेल्या दोन डिस्क गहाळ झाल्या, तेव्हा टीव्हीवर मोटारींचा कार्यक्रम करणारे जेरेमी क्लार्कसन हेच म्हणाले. म्हणून थांबले नाहीत, तर वर्तमानपत्रातल्या आपल्या सदरात स्वतःच्या बँक खात्याचा क्रमांकच छापून मोकळे झाले. खाते क्रमांक कळला तर लोक फार तर पैसे भरतील, काढतील कसे, हा त्यांचा बिनतोड मुद्दा. कोणीतरी तेवढ्या माहितीवर त्यांच्या खात्यातून 500 पौंड परस्पर मधुमेहींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेला वळते करून दाखवले. हे कोणी केलं ते बँकेला शोधता येत नाही, कारण माहिती-संरक्षणाचा कायदा आड येतो, असं पुढे क्लार्कसन यांनीच लिहिलं.

अमेरिकेतले टॉड डेव्हिस तर याच धंद्यातले. लाइफलॉक ही त्यांची कंपनी लोकांची ओळख चोरांपासून वाचवायची. सेवा किती भक्कम आहे हे पटवायला त्यांनी स्वतःचा सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे तिथला माणूस जो कोणाला दाखवत नाही तो, जाहिरातीत ठळक छापला. डेव्हिस यांची ओळख 13 वेळा चोरीला गेल्याची बातमी 2010 साली आली. त्याच वर्षी भ्रामक जाहिरातींच्या प्रकरणात कंपनीने 1 कोटी 20 लाख डॉलर भरून तडजोड केली. दोघांपैकी कोणीही बावळट नव्हता. कित्ता गिरवायचा तर अशांचाच.

आता फोन. आपण सभ्य माणसं आहोत, हे कधी विसरू नका. 'बँकेच्या सुरक्षा विभागातून बोलतोय' असं कोणी म्हणाला की त्याला आधी बसू द्या, म्हणजे मनात बसू द्या. पडद्यावर बँकेचंच नाव झळकतंय ना? मग विषय संपला. कॉल करणाऱ्याला हवा तो नंबर पडद्यावर उमटवता येतो, ही माहिती डोक्यातून काढून टाका. तिने उगाच मन कलुषित होतं. 'मी ठेवतो, कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करतो' असं म्हणणं तर शुद्ध उद्धटपणा. तो बिचारा किती काकुळतीने सांगतोय की या क्षणी कोणीतरी तुमच्या खात्यावर डल्ला मारतंय! (यात तो खोटं बोलत नाही. कोण मारतंय, तेवढंच सांगायचं राहतं.)

मग तुमच्या फोनवर सहा आकडे येतात. खाली लिहिलेलं असतं, हा क्रमांक कोणालाही सांगू नका, आमच्या कर्मचाऱ्यालाही नाही. आकडे वाचून दाखवताना ही ओळ गाळू नका. तीही वाचा. तो म्हणेल, "अगदी बरोबर सर, म्हणूनच माझ्याशिवाय कोणालाही सांगायचा नाही." किती जबाबदार माणूस! मध्येच आवाज तुटला तर वैतागू नका, पुन्हा सांगा, सावकाश. "सहा की सात?" "सात, सात. मग शून्य." शेजारच्या खोलीतून कोणी 'कोणाचा फोन?' म्हणून विचारलं तर हातानेच गप्प करा. फोन ठेवायचा नाही आणि घरात बोलायचं नाही, असं त्याने बजावलेलंच असतं. घाई आणि गुप्तता एकत्र आली की मामला खरा, ही खूणगाठ बांधून ठेवा. आणि तो एखादं ॲप टाकायला सांगेल, ज्यातून तुमचा पडदा त्याला तिकडे दिसेल, तर अवश्य टाका. आकडे वाचण्याचे कष्टही वाचतील.

फोनवर विश्वास नसेल तर व्हिडिओ कॉलचा आग्रह धरा. चेहरा काही खोटा असू शकत नाही. हाँगकाँगमध्ये अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याला गुप्त व्यवहाराचा मेल आला होता. त्याला शंका आली. मग व्हिडिओ बैठक झाली, तीत वित्तप्रमुख दिसले, ओळखीचे सहकारी दिसले, आणि शंका फिटली. 15 व्यवहारांत मिळून सुमारे 20 कोटी हाँगकाँग डॉलर गेले. 2024 च्या सुरुवातीला प्रकरण उघड झालं तेव्हा कळलं की त्या बैठकीत हा कर्मचारी सोडून बाकी सगळे संगणकाने घडवलेले होते. त्याचं नशीबच म्हणायचं. एरवी कंपनीच्या बैठकीत इतकं एकमत कुठे होतं?

भाच्याचा रडवेला आवाज आला, 'मी अडकलोय, हा माझा नवा नंबर, आईला सांगू नकोस', तर हेच धोरण ठेवा. त्याच्या जुन्या नंबरवर एक फोन करून बघण्याचा कोतेपणा तुमच्याकडून होणे नाही. आवाजाची नक्कल करायला थोडंसं रेकॉर्डिंग पुरतं, आणि भाचा तर दिवसभर स्वतःचे व्हिडिओ टाकत असतो. पण म्हणून काय रक्ताच्या नात्यावर संशय घ्यायचा?

कंपन्यांचे लेखा विभाग चालवणाऱ्यांसाठी एक खास सूचना: बिल आलं की भरा. एव्हाल्दास रिमासाउस्कास या लिथुआनियातल्या गृहस्थाने एका खऱ्या तैवानी पुरवठादाराच्या नावाची कंपनी काढली आणि 2013 ते 2015 या काळात गूगल आणि फेसबुकला खोटी बिलं पाठवली. दोघांनी मिळून 10 कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. त्याला 2019 साली पाच वर्षांची शिक्षा झाली, हे जरा वाईट वाटतं. जगाची इत्थंभूत माहिती ज्यांच्यापाशी असते, त्यांनी पैसे सोडण्याआधी पुरवठादाराला एक फोन केला नाही. तुम्ही कशाला करता?

पासवर्डचं काय ते एकदाच ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा. रॉकयू या कंपनीकडून 2009 साली 3 कोटी 20 लाख पासवर्ड फुटले. ते साध्या, कोणालाही वाचता येईल अशा मजकुरात साठवलेले होते. त्यांत सगळ्यात लाडका निघाला 123456. जवळजवळ 2 लाख 90 हजार लोकांनी तोच ठेवलेला. सगळे स्वतःला एकटेच समजत असणार. याहूवरची तर 2013 सालची झाडून सगळी, म्हणजे 300 कोटी खाती फुटली. अशा ठिकाणी सापडलेली ईमेल आणि पासवर्डची जोडी चोर लोक स्वयंचलित प्रोग्रॅम लावून बाकीच्या हजार ठिकाणी घालून बघतात. एकच पासवर्ड असला की त्यांचं काम पहिल्याच खेपेला होतं. प्रत्येक ठिकाणी वेगळा लांबलचक पासवर्ड ठेवून तो लक्षात ठेवायला पासवर्ड मॅनेजर वापरणारी माणसं मला कंजूष वाटतात. दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करणारी तर त्याहून.

पासवर्ड विसरल्यावरचे ते प्रश्न, त्यांची उत्तरं मात्र अगदी प्रामाणिकपणे द्या आणि मग ती जगाला सांगा. शाळा कोणती, पहिलं कुत्रं कोणतं, जन्मतारीख काय. वाढदिवसाच्या फोटोत सगळं आलं पाहिजे. अमेरिकेत सारा पेलिन 2008 साली उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उभ्या होत्या, तेव्हा एका विद्यार्थ्याने त्यांचं ईमेल खातं उघडलं. कुलूप तोडलं नाही. जन्मतारीख, पिनकोड आणि नवरा पहिल्यांदा कुठे भेटला, एवढी उत्तरं इंटरनेटवर शोधली आणि नवा पासवर्ड ठेवला. त्या जागी धादांत खोटं उत्तर लिहिता येतं, संगणक साक्षीदार बोलावत नाही. पण तुम्हाला खोटं बोलवणार नाही, मला ठाऊक आहे.

राहता राहिली ती अशुद्ध पत्रं, दूरच्या राजघराण्यातल्या वारशाची. ती वाचून तुम्ही मनसोक्त हसा. कॉर्मॅक हर्ली या संशोधकाने 2012 साली या पत्रांचा हिशेब मांडला. पत्र इतकं बावळट लिहिलेलं असण्यातच त्याचं चातुर्य आहे, असा त्याचा निष्कर्ष. शंकेखोर लोक पहिल्या ओळीलाच गळतात आणि चोराचा वेळ फुकट जात नाही. थोडक्यात, ते पत्र तुमच्यासाठी नव्हतंच. तुमच्यासाठीचं पत्र शुद्ध भाषेत येतं, त्यात तुमचं नाव बरोबर असतं, तुम्ही खरोखरच मागवलेल्या पार्सलचा उल्लेख असतो, आणि दुव्यात इंग्रजी 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' खेटून बसलेले असतात. पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं की निर्धास्त व्हा. तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसरा कोणी ऐकत नाही, एवढीच त्याची हमी. चोराशी तुमचं बोलणं पूर्ण खासगी राहील.

एवढं करूनही फसलाच, तर सगळ्यात महत्त्वाची सूचना: कोणाला कळू देऊ नका. बँकेला लगेच फोन केला तर व्यवहार अडण्याची शक्यता असते, आणि मग बोभाटा होतो. त्यापेक्षा रात्रभर तळमळा, सकाळी बघू. याला परंपरा आहे. व्हिक्टर लुस्टिगने 1925 साली पॅरिसमध्ये सरकारी अधिकारी बनून भंगारवाल्यांना बोलावलं आणि आयफेल टॉवर मोडीत काढायचाय, असं सांगून एकाला विकला. सांगतात ते असं, की गिऱ्हाईकाला मनातून धाकधूक होती; पण लुस्टिगने हळूच लाच मागितली आणि त्याची खात्री पटली. लाच मागतोय म्हणजे अधिकारी अस्सल! पुढे पैसे गेल्याचं कळल्यावर तो शरमेने पोलिसांकडे गेलाच नाही. लुस्टिग परत आला आणि तोच टॉवर पुन्हा विकायला काढला. दुसऱ्या गिऱ्हाईकाने मात्र रीत सोडून तक्रार केली, आणि लुस्टिगला देश सोडून पळावं लागलं. एका माणसाच्या तोंडाळपणामुळे धंदा बुडतो तो असा.

तुम्ही गप्प राहिलात तर थोड्याच दिवसांत आणखी एक फोन येईल. आवाज वेगळा, जास्तच अदबशीर. तुमचे किती पैसे गेले, कोणत्या तारखेला गेले, सगळं त्याला तोंडपाठ असेल, कारण फसलेल्यांच्या याद्याही विकल्या जातात. तो म्हणेल, आम्ही बुडालेले पैसे परत मिळवून देतो, फक्त आधी थोडी प्रक्रिया-फी भरावी लागेल. त्याला विचारू नका की ही माहिती कुठून मिळाली. खाते क्रमांक लिहून घ्या, आणि पेन शोधेपर्यंत त्याला थांबायला सांगा. तो थांबेल.