अडकलेल्या कीला तेल पाजू नका

'लॅपटॉपची की अडकते? दुरुस्तीवाले तुम्हाला लुटतात!! घरच्या घरी ५ मिनिटांत १०० टक्के उपाय!!!' असा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मी तो पाहून सोडून दिला होता. रोज काय काय येतं, कुणाकुणाला उत्तर देत बसणार? पण परवा तोच मेसेज आत्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, 'अगं, माझा स्पेसबार अडकतोय ना, शिलाई मशीनचं तेल आहे घरात. ते चालेल का?' नाही चालणार. का नाही चालणार ते तिला फोनवर सांगितलंच, पण तिच्यासारखे आणखी किती जण हातात तेलाची बाटली घेऊन बसले असतील कोण जाणे, म्हणून हे लिहितेय.

मेसेजमधले सात उपाय थोडक्यात असे. एक, लॅपटॉप चालू ठेवूनच काम करा, म्हणजे की सुटली का ते लगेच कळतं. दोन, कीच्या चारही बाजूंनी डब्ल्यूडी-४० (गंजलेले स्क्रू सोडवायला मारतात तो फवारा) किंवा मशीनचं तेल सोडा. तीन, हेअर ड्रायरने आतली साखर वितळवा. चार, दाबाच्या हवेचा फवारा मारणारा डबा मिळतो, तो उलटा धरून मारा, गारव्याने घाण सुटते. पाच, सुरीच्या टोकाने की उपटा, सगळ्या कीज सारख्याच असतात. सहा, सॅनिटायझर किंवा नेलपॉलिश रिमूव्हरने पुसा. सात, काही सांडलं असेल तर लॅपटॉप रात्रभर तांदळात ठेवा.

तेलापासूनच सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं आणि सगळ्यात जास्त लोकांना पटतंही तेच. कुरकुरणाऱ्या बिजागरीला तेल, तसं अडकणाऱ्या कीला तेल. ऐकायला बरं वाटतं. पण कीच्या खाली बिजागरी नसते हो! बहुतेक लॅपटॉपच्या कीखाली काय असतं ते एकदा बघा. वर प्लास्टिकची टोपी. तिच्याखाली एकमेकींत अडकवलेल्या दोन बारीक प्लास्टिकच्या चौकटी, कात्रीसारख्या उघडमीट करणाऱ्या. मधोमध रबराची छोटी घुमटी, की दाबल्यावर वर ढकलणारी. आणि त्या सगळ्याखाली पातळ प्लास्टिकचे तीन थर. वरच्या आणि खालच्या थरावर वीज वाहून नेणाऱ्या रेषा छापलेल्या, आणि मधल्या थराला प्रत्येक कीच्या जागी भोक. घुमटी दबली की त्या भोकातून वरची रेष खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटतं. यात धातूवर धातू घासतोय असं कुठेही नाही. कारखान्यातून येताना या चौकटी तेलाशिवायच हलत असतात. म्हणजे की अडकते ती तेल कमी पडलं म्हणून नाही, तर तिथे नको ते काहीतरी येऊन बसलंय म्हणून. ते बाहेर काढायचं सोडून आपण आत आणखी एक चिकट पदार्थ घालायचा?

'पण मी मारलं आणि की लगेच सुटली!' असं सांगणारे भेटतात. सुटली असेलही. डब्ल्यूडी-४० मधला पातळ द्रावक साचलेली घाण तात्पुरती सैल करतो. मग तो उडून जातो आणि मागे तेलाचा थर राहतो. त्या थरावर धूळ, केस, बिस्किटाचा भुगा जमत राहतो. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्याच्या पात्यांवर जो काळा चिकट लगदा असतो ना, तोच कीच्या पोटात तयार होतो. पहिल्या दिवशीचं कौतुक सगळे सांगतात, महिन्याभरानंतरचं कुणी सांगत नाही. शिवाय तेल जिथे टाकलं तिथे थांबत नाही. ते बारीक फटींतून सरकत त्या तीन थरांमध्ये शिरलं, तर रेषा एकमेकींना नीट टेकेनाशा होतात, कारण तेलातून वीज जात नाही. मग आधी नुसती अडकणारी की आता उमटतच नाही. काही प्रकारचं रबर खनिज तेलाने फुगतं, म्हणजे घुमटीचीही खात्री नाही.

आणि हे माझं म्हणणं म्हणून सोडून देऊ नका. डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोमध्ये तयार झालं ते धातूवरचं पाणी हटवून गंज रोखण्यासाठी. नावातली डब्ल्यूडी ही अक्षरं पाणी हटवण्यासाठीच आहेत आणि ४० म्हणजे चाळिसावा प्रयोग. पॉलिकार्बोनेट आणि पारदर्शक पॉलिस्टायरीनवर हे वापरू नका, असं ते बनवणारेच सांगतात. तुमच्या लॅपटॉपची की नेमकी कुठल्या प्लास्टिकची आहे, माहीत आहे तुम्हाला? मलाही माझ्या लॅपटॉपचं सांगता येणार नाही. विजेच्या जोडांसाठी त्याच कंपनीचा वेगळा क्लीनर मिळतो, यावरूनच काय ते समजा. शिलाई मशीनचं तेल तर उडूनही जात नाही, जन्मभर तिथेच राहतं.

हेअर ड्रायरने साखर वितळवण्याचा उपाय वाचून मला खरंच हसू आलं. साखर वितळायला साधारण १८६ अंश सेल्सिअस लागतात. कीजसाठी सर्रास वापरलं जाणारं एबीएस प्लास्टिक १०५ अंशांच्या आसपासच मऊ पडतं. म्हणजे तुमचा ड्रायर साखर वितळवण्याइतका तापलाच, तर साखरेच्या कितीतरी आधी की वाकडी झालेली असेल. प्रत्यक्षात तो तेवढा तापत नाही, आणि होतं ते उलटंच: सांडलेल्या सरबतातलं उरलंसुरलं पाणी उडतं आणि साखर आणखी घट्ट बसते. साखरेवरचा उपाय उष्णता नाही, पाणी आहे. किंचित पाणी. बोळ्याने टिपण्याइतकं, ओतण्याइतकं नाही.

हवेच्या डब्याचा मुद्दा अर्धा बरोबर आहे, म्हणून जास्त चिडायला होतं. दाबाची हवा हा पहिला करून बघण्यासारखा उपाय आहेच. ॲपलने मॅकबुकचा कीबोर्ड साफ करण्यासाठी जे अधिकृत मार्गदर्शन दिलंय त्यात हेच आहे, पण रीतसर. लॅपटॉप ७५ अंशांत तिरका धरायचा, अगदी उभा नाही. डब्यासोबत आलेली नळी लावायची, तिचं टोक कीपासून साधारण अर्धा इंच लांब ठेवायचं आणि डावीकडून उजवीकडे फवारत जायचं. मग लॅपटॉप उजव्या कडेवर वळवून पुन्हा, नंतर डाव्या कडेवर वळवून पुन्हा. आणि त्याच मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय की डबा उलटा धरू नका. मेसेजवाल्याने नेमकी तीच गोष्ट उपाय म्हणून दिली! त्या डब्यात नुसती हवा नसते, दाबाखाली द्रवरूप केलेला वायू असतो. डबा सरळ असेल तर वायू बाहेर येतो, उलटा केला तर द्रवच बाहेर उडतो. तो इतका गार असतो की त्वचा भाजल्यासारखी होते, आणि काही डब्यांतला वायू ज्वालाग्राहीसुद्धा असतो. आता हे पहिल्या उपायाशी जोडून वाचा. लॅपटॉप चालू आणि त्यावर हा फवारा. धन्य!

सुरीने की उपटण्याबद्दल. की काढता येते, हे खरं. पण 'सगळ्या कीज सारख्याच' हे साफ खोटं. अक्षराची साधी की बहुतेक लॅपटॉपवर एका बाजूने अलगद उचलली की सुटते, पण ती बाजू मॉडेलप्रमाणे बदलते. चुकीच्या बाजूने जोर लावला की चौकटीची अर्ध्या तांदळाएवढी खुंटी तुटते आणि मग ती की पुन्हा कधी घट्ट बसत नाही. स्पेसबार, एंटर, शिफ्ट या लांब कीजखाली आणखी एक भानगड असते: की दोन्ही टोकांना सारखी दबावी म्हणून लावलेली बारीक तार. ती दोन्हीकडे आकड्यांत अडकवलेली असते. सुरी घालून स्पेसबार उचकटला की तार वाकते आणि पुढे की तिरकीच दबते. आत्याला मी आधी हेच सांगितलं: स्पेसबार शेवटी, आणि जमलं तर अजिबात नाही. काढायचीच असेल तर आपल्या नेमक्या मॉडेलची की कशी निघते त्याचा व्हिडिओ आधी बघा. सुरीऐवजी जुनं प्लास्टिकचं कार्ड किंवा गिटारच्या तारा छेडायची छोटी पट्टी घ्या, आणि कट्कन आवाज येईपर्यंत नाही, सैल वाटेपर्यंतच उचला. २०१५ ते २०१९ दरम्यानच्या बऱ्याच मॅकबुकमध्ये बटरफ्लाय पद्धतीचा, म्हणजे कात्रीऐवजी फुलपाखराच्या पंखांसारख्या चपट्या चौकटींचा कीबोर्ड होता. त्यात इतक्या तक्रारी आल्या की ॲपलला २०१८ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि २०१९ च्या १६ इंची मॉडेलपासून पुन्हा कात्रीवाल्या कीजकडे वळावं लागलं. त्या बटरफ्लाय कीज तर इतक्या नाजूक की घरी हात न लावलेलाच बरा.

सहाव्या उपायातलं नेलपॉलिश रिमूव्हर वाचून मात्र हसू आलं नाही. बहुतेक रिमूव्हरमध्ये ॲसिटोन असतं आणि ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. थ्रीडी प्रिंटरवर छापलेल्या एबीएसच्या वस्तू गुळगुळीत करायला त्याची नुसती वाफ पुरते. कीवर लावलंत तर आधी अक्षर जाईल, मग पृष्ठभाग.

सॅनिटायझरचं काय? नाइलाजाने मान्य करते, इथे मेसेजवाला खऱ्याच्या जवळपास फिरकलाय. अल्कोहोल उपयोगी आहे, पण ते आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणून मिळतं ते. सॅनिटायझर हाताच्या त्वचेसाठी बनवलेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातसुद्धा त्वचा कोरडी पडू नये म्हणून ग्लिसरॉल आहे, आणि जेलवाल्यात घट्टपणा आणणारा पदार्थ वर. अल्कोहोल उडून गेलं की हे सगळं मागे उरतं, म्हणजे पुन्हा चिकटपणा. आणि आयसोप्रोपिल घेणाऱ्यांचीही एक गफलत होते. जितकं शुद्ध तितकं चांगलं म्हणून लोक ९९ टक्क्यांचं आणतात आणि सांडलेलं सरबत पुसायला बसतात. निघत नाही, कारण शुद्ध आयसोप्रोपिलमध्ये साखर जवळजवळ विरघळतच नाही. ७० टक्क्यांच्या बाटलीत उरलेलं पाणी असतं, तेच साखर काढतं. त्यामुळे गोड काही सांडलं असेल तर ७० टक्क्यांचं किंवा आधी किंचित ओला बोळा आणि मग अल्कोहोल. बोळा पिळून घ्यायचा, कीच्या कडेने फिरवायचा, की वरखाली करायची, काळा झाला की बदलायचा. काढलेली टोपी कोमट पाण्यात खुशाल धुवा, पण पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका.

तांदूळ! हा उपाय काही केल्या मरत नाही. २०२४ मध्ये ॲपलने आयफोनबद्दल सांगितलं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, तांदळाच्या कणांनी इजा होऊ शकते. लॅपटॉपला तर फटी आणि पंखे त्याहून जास्त. आणि तांदूळ आतली साखर, दूध, क्षार ओढून घेतो का? नाही. ते आतच वाळतात, आणि विजेच्या जोडांवर गंज चढतो तो त्यांच्यामुळे. सांडल्याबरोबर चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, उलटा करून तंबूसारखा उभा करा आणि उघडून साफ करणाऱ्याकडे न्या. चालू ठेवायचा नाही, हे मी पहिल्या उपायाला दिलेलं उत्तरही समजा. ओल आणि वीज एकत्र आली की गंज भराभर चढतो. फक्त एक लक्षात ठेवा, काही नवे मॅकबुक झाकण उघडताच किंवा कुठलीही की दाबताच आपोआप सुरू होतात. पुसताना मध्येच स्क्रीन उजळली तर पुन्हा बंद करा.

एवढे सात उपाय देणाऱ्याने एक गोष्ट मात्र सांगितलीच नाही, आणि ती खरी धोक्याची आहे. एकाच भागातल्या बऱ्याच कीज अचानक जड झाल्या, टचपॅड दाबला जाईनासा झाला, झाकण नीट बसेना किंवा टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगायला लागला, तर घाण शोधू नका. खालची बॅटरी फुगून कीबोर्डला वर ढकलत असू शकते. अशा वेळी कीज दाबून बसवायचा प्रयत्न करायचा नाही, सुरी तर जवळही न्यायची नाही. चार्जिंग थांबवा, लॅपटॉप बंद करा आणि बॅटरी बदलून घ्या. टोचलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

आणि की वर येतेय पण अक्षर उशिरा उमटतंय किंवा उमटतच नाहीये, असं असेल तर बोळा हातात घेण्याआधी बाहेरचा यूएसबी कीबोर्ड लावून बघा. त्यावरही तेच होत असेल तर बिघाड बहुधा सेटिंगमध्ये आहे. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली की फिल्टर कीज सुरू करण्याची विचारणा येते. घाईत कुणी 'हो' म्हटलं की पटकन दाबलेली अक्षरं गाळली जातात आणि कीबोर्ड गेला असं वाटतं. ते सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचं, बस. बाहेरचा कीबोर्ड नीट चालला आणि साफसफाई करूनही लॅपटॉपची की हट्टाने अडकतच राहिली, तर त्या एका कीची टोपी आणि चौकट मॉडेलनुसार सुटी मिळते का ते आधी विचारा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिवेट मारून बसवलेला असतो, आणि मग एका कीपायी अख्खा वरचा भाग बदलायची वेळ येते.