एकवीस दिवस उताणं पडून कोण बरं झालंय?

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. गावाच्या, शाळेच्या बॅचच्या, बायकोच्या माहेरच्या आणि आंबेवाल्यांच्या. मजकूर थोडक्यात असा: ‘ऑपरेशन झालेल्यांनी जरूर वाचा, डॉक्टर हे सांगणार नाहीत. एकवीस दिवस अंथरूण सोडू नका, टाके तुटतात. भात, डाळ, मासे, आंबट बंद, जखम पिकते. दुखण्याच्या गोळ्या घेऊ नका, सोसल्याने शरीर स्वतःला दुरुस्त करतं. भेटायला कुणाला येऊ देऊ नका. कुणाचे उपकार घेऊ नका, मन खंबीर असेल तर माणूस एकटा उठतो.’ खाली जोडलेले हात, आणि दहा जणांना पाठवा.

गेल्या वर्षी ऐन एप्रिलात माझं अपेंडिक्स फुटलं. त्यामुळे या मेसेजमधली प्रत्येक ओळ मी पोट उघडून तपासलेली आहे.

सोसण्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण माझी गोष्टच तिथून सुरू होते. आमची वाडी राजापूर तालुक्यात, खाडीच्या काठाला. बागेत आंबा उतरवणं चालू होतं आणि बेंबीभोवती कळ आली. वाटलं, गॅस. ओवा चावला. एका दवाखान्यात दाखवलं, तिथे पित्ताची गोळी मिळाली. दुसऱ्या दिवशी कळ उजवीकडे खाली सरकली, एक उलटी झाली, अंगात कणकण. आणि रात्री नऊच्या सुमारास दुखणं चक्क कमी झालं. मी बायकोला म्हटलं, बघ, सोसलं की जातं. ते गेलं नव्हतं. आतून तटतटलेलं अपेंडिक्स फुटलं की ताण उतरतो, थोडा वेळ हलकं वाटतं, आणि मग घाण पोटभर पसरते. रात्री दोनला पोट फळीसारखं झालं होतं.

बेंबीपाशी सुरू होऊन उजव्या कुशीत खाली उतरणारी कळ सोसायची नसते, एवढं तरी लक्षात ठेवा. त्यावर एरंडेल तर मुळीच घ्यायचं नाही. जुलाबाच्या औषधाने असलं अपेंडिक्स फुटायला मदतच होते.

आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही, पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, चढून वर जावं लागतं. पूर्वी आजाऱ्याला डोलीतून नेत. मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं. पुढून शेजारचा काका, मागून बागेचा राखणदार नेपाळी. वर एका शाळूसोबत्याची बोलेरो उभी होती. ओणी, पाचल, अणुस्कुरा घाट आणि कोल्हापूर. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होतो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दोन-चार प्रश्नांत विचारलं, ‘येताना खड्ड्यांत जास्त दुखलं का?’ मला वाटलं, कोकणातल्या रस्त्यांची चौकशी करतायत. पण पोटाच्या आतल्या पडद्याला सूज असली की नुसत्या हादऱ्याने कळ येते, म्हणून ते विचारतात.

ऑपरेशननंतरची दुखण्याची औषधंही कुणी लाड म्हणून देत नाही. पोट दुखत असलं की माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकला दाबतो. मग छातीत कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो. श्वासाच्या व्यायामाला तीन रंगीत चेंडूंचं एक यंत्र देतात. ते तोंडात धरून श्वास ओढायचा, चेंडू वर जायला पाहिजेत. औषधाआधी माझा एक चेंडू जेमतेम हलायचा, औषधानंतर दोन. डिस्चार्जनंतर मनाने दुकानातून गोळ्या आणून खात बसावं, असं मात्र मी म्हणत नाही.

आता एकवीस दिवसांचं अंथरूण. हे कुणी हवेतून काढलेलं नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे पडून राहा, असं एके काळी डॉक्टरच सांगायचे. १९४० च्या दशकात त्यांनी पेशंटना लवकर उठवायला सुरुवात केली आणि दिसलं की उठणारे लवकर सावरतात. वैद्यकशास्त्र पुढे गेलं, आजीच्या वेळचा सल्ला व्हॉट्सॲपवर राहिला. पडून राहिल्याने पोटरीच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते. आतडीही सुस्तावतात. शिवाय चामडीवर जे टाके दिसतात त्यांच्यावर पोटाचा भार नसतोच. तो आतल्या जाड थरावर असतो, तिथे वेगळा, मजबूत दोरा घातलेला असतो. चालल्याने तो तुटत नाही. धोका जड उचलण्याचा. मला सहा आठवडे पाण्याची कळशीसुद्धा उचलायची नव्हती, नाहीतर हर्निया.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, ‘उठायचं.’ मला वाटलं चेष्टा. पण उठण्याचीही रीत असते. सरळ बसायचं नाही. गुडघे दुमडायचे, कुशीवर वळायचं, पाय कॉटखाली सोडायचे आणि कोपराने अंग वर ढकलायचं. खोकला आला तर उशी पोटाशी घट्ट धरायची. एका हातात ड्रेनची, म्हणजे पोटातली घाण बाहेर काढणाऱ्या नळीची, पिशवी, दुसरा हात मेहुण्याच्या खांद्यावर. खिडकीपर्यंत सात पावलं. घामाने निथळलो. घरी आल्यावर हे काम शेजारच्या काकीने घेतलं. रोज संध्याकाळी पडवीच्या पायरीशी उभी राहायची. ‘लोळून काय मिळणार? खळ्यापर्यंत चल बघू.’ चार दिवसांनी, ‘आता तुळशीपर्यंत.’ कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं तिने.

भात आणि मासे. या मुद्द्यावर कोकणी माणसाने तरी गप्प बसू नये. पू होतो तो जंतूंनी. भात पांढरा आणि पू पांढरा, एवढाच दोघांचा संबंध. जखम भरायला शरीराला प्रथिनं लागतात, क जीवनसत्त्व लागतं. डाळ, अंडी, मासे, कुळथाची पिठी बंद केली तर जखमेने काय हवा खाऊन भरायचं? आणि आंबट बंद म्हणजे आवळा-लिंबूही गेलंच की. गंमत म्हणजे याच किनाऱ्यावर आजाऱ्याला पचायला हलका मासा म्हणून मुडदुशी खायला घालतात. तीच माणसं हा मेसेज पुढे पाठवतात!

माझ्यापुरती खरी अट वेगळीच होती: आतडी जागी झाल्याशिवाय काही नाही. तोवर मला नाकातून नळी होती आणि राउंडला येणारा प्रत्येक जण विचारायचा, ‘गॅस पास झाला का?’ बायको फोनवर गावाला तेच कळवायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो झाला आणि ही बातमी माझ्या आधी वाडीत पोचली. मग पाणी, मग पेज, मग मऊभात. घरी आल्यावर काकीने मुडदुशीचं कालवण पाठवलं, तिखट बेताचं. त्याने टाके पिकले नाहीत. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचं दुखणं असेल तर भाताचं आणि प्रथिनांचं माप डॉक्टरांना विचारूनच घ्यावं, पण ते त्या दुखण्यासाठी. टाक्यांसाठी नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. सर्दी झालेल्याने येऊ नये, कॉटवर बसू नये, हात धुतल्याशिवाय काही धरू नये. आणि ‘आमच्या एका पाहुण्याचं असंच झालं होतं, तो गेला’ हे सांगायला तर कुणीच येऊ नये. मला असे दोघे भेटले. पण दार सगळ्यांनाच बंद केलं असतं तर उपकेंद्रातल्या सिस्टर ड्रेसिंगला कशा आल्या असत्या? घरी आल्यावर पाचव्या दिवशी जखमेचं एक टोक लाल आणि गरम लागतंय हे त्यांच्याच बोटांना कळलं. लगेच दाखवलं म्हणून थोडक्यात निभावलं. ताप, वाढती लाली, पाणी येणं, उलट्या, एका पोटरीला सूज, ही लक्षणं पेशंटच्या आधी बघणाऱ्याला दिसतात. बघणारा जवळ असला पाहिजे.

राहिला एकट्याने उठण्याचा मुद्दा. याचाच मला जास्त राग आहे, कारण हा वाचून माणूस मदत मागायला लाजतो. मनाच्या खंबीरपणात महात्मा गांधींपेक्षा वरचढ कोण दाखवाल? येरवड्याला कैदेत असताना त्यांना अपेंडिक्सचा त्रास झाला. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरने ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली आणि शेवट कंदिलाच्या उजेडात झाला. इस्पितळांवर एके काळी कडक टीका केलेला हा माणूस. सुरी इंग्रजाच्या हातात, कंदील आणखी कुणाच्या. सुटका झाल्यावर बरं व्हायला ते जुहूच्या किनाऱ्यावर राहिले, तेही दुसऱ्याच्या घरी.

मला जड गेलं ते आंघोळीचं. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, आणि धाकटा भाऊ पाठीवर तांब्याने पाणी घालतोय. दोघंही एकमेकांकडे न बघता पावसाबद्दल बोलायचो. पैशाचं मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने बघितलं, ते परत करणं अजून चालू आहे. ‘काही लागलं तर सांग’ असं म्हणणारे पुष्कळ होते, त्यांना काय सांगायचं तेच सुचत नसे. उपयोगी पडले ते न विचारता एक काम उचलणारे.

काका आणि नेपाळ्याने माझा आंबा उतरवला. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, देठासकट, दुपारची उन्हं टाळून. पेंढा घालून पेट्या भरल्या, वाशीला पाठवल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस तोंडावर असताना, काका शाळेची एक वही घेऊन आले. त्रेचाळीस पेट्या, प्रत्येकीसमोर तारीख, डझन आणि भाव. एके ठिकाणी ‘डागी ३, घरी खाल्ले’. मजुरी नेपाळ्याची लावलेली, स्वतःची नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘तू माझ्या भाताच्या लावणीला ये पुढच्या वर्षी. यंदा नको, पोट सांभाळ.’

बॅचच्या ग्रुपवर हा मेसेज टाकणारा म्हणजे तो बोलेरोवाला. रात्री दोनला उठून अणुस्कुरा चढलेला, सकाळी इस्पितळाच्या बाकावर बसल्या बसल्या झोपलेला. मी त्याला फोन केला, म्हटलं, ‘शेवटची ओळ वाचलीस का?’

‘कुठली?’

वाचून दाखवली. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘मी वाचलाच नव्हता रे. हात जोडलेले दिसले, पुढे ढकलला.’