दाभोळ खाडीच्या कुठल्या काठावर?

जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे बनवण्याचं तंत्र, शिकणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये गावांची नावं (लेबलं) बसवण्याबद्दल एक सल्ला सारखा फिरतोय: "क्यूजीआयएसमध्ये लेबलांवर वेळ घालवू नका. नावाचा कॉलम निवडा, नावं आपोआप बसतात. एखादं गायब झालं तर ओव्हरलॅप चालू करा. हाताने हलवलेलं टिकत नाही. आणि मराठी नावं मोडतात, इंग्रजीच ठेवा." नवशिकी मुलं हे खरं धरून चाललीत, म्हणून लिहितोय.

नावं आपोआप बसतात, पण कुठे? सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूभोवती काही जागा धरतं आणि नावं एकमेकांवर चढणार नाहीत अशी निवड करू बघतं. हा प्रश्न एनपी-हार्ड, म्हणजे सर्वोत्तम उत्तर झटपट काढायची रीत माहीत नसलेला, असल्याचं १९९१ मध्येच सिद्ध झालंय, त्यामुळे हाती येते ती चालण्याजोगी मांडणी, सर्वोत्तम नव्हे. त्यात त्याला गाव कळत नाही. वाशिष्ठी नदीच्या मुखाशी उत्तर काठावर दापोली तालुक्यातलं दाभोळ, समोर दक्षिण काठावर गुहागर तालुक्यातलं अंजनवेल. माझ्या एका नकाशात दाभोळचं नाव खाडी ओलांडून पलीकडे जाऊन बसलं होतं, आणि ते दिसलं छापून आल्यावर. दाभोळच्या माणसाने तो नकाशा बघून काय म्हणावं? स्विस नकाशाकार एडुआर्ड इमहोफ यांनी १९६२ मध्येच सांगून ठेवलंय की किनाऱ्यावरच्या गावाचं नाव पाण्यात लिहावं आणि नदीकाठच्या गावाचं त्याच्याच काठावर. हर्णैचं नाव अरबी समुद्रात लिहिलं की ते बंदर आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. खाडीचा पॉलिगॉन (तिची बंदिस्त आकृती) लेबलांना अडथळा म्हणून नेमला तर बरंच सुधारतं. उरलेलं हातानेच करावं लागतं.

ओव्हरलॅप चालू केला की गायब नावं परत येतात खरी, पण शेजारच्या नावावर चढून, आणि मग दोन्ही वाचता येत नाहीत. त्याऐवजी न बसलेली लेबलं दाखवायचं बटण दाबा, ती लाल रंगात दिसतात. मग तालुक्याच्या गावाला प्राधान्य वाढवा, वाड्यांची नावं मोठ्या स्केललाच, म्हणजे नकाशा जवळून बघतानाच, दिसू द्या.

हाताने हलवलेलं टिकत नाही, हे जुनं झालं. २०१८ च्या ३.० आवृत्तीपासून हलवलेल्या जागा प्रोजेक्टसोबतच ऑक्झिलरी स्टोरेज नावाच्या जोड-साठ्यात राहतात. पहिल्यांदा हलवताना सॉफ्टवेअर प्रत्येक गाव वेगळं ओळखता येईल असा कॉलम मागतं. तिथे कधी न बदलणारा गावाचा कोड द्या. नुसता अनुक्रमांक दिलात आणि पुढे डेटा नव्याने क्रमवार लावलात, तर एका गावाची जागा दुसऱ्याला चिकटते. शिवाय ती जागा जमिनीवरच्या निर्देशांकांत नोंदली जाते, अक्षरांचा आकार मात्र पॉइंट या छपाईच्या मापात असतो. म्हणून स्केल बदललं की नाव सरकल्यासारखं वाटतं. छपाईचं स्केल ठरल्यावरच हात लावा.

मराठी नावं मोडण्याचं एक कारण तर आपणच ओढवून घेतो. डोंगररांगेचं नाव पसरवायला अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि 'सह्याद्री'चे तुकडे होतात. रोमनला शोभणारी ती सोय देवनागरीला लावूच नका. अंतर शून्य ठेवा आणि टाइप मोठा करा.