मामांचं नाव कुठल्या रकान्यात लिहू?

गेले तीन आठवडे कॉलेजच्या वार्षिक अहवालाचं काम करतेय. ‘प्राध्यापक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे यश’ हे प्रकरण माझ्याकडे आहे. रोज दुपारी सहकारी फाइली आणून देतात. शोधनिबंधांच्या झेरॉक्स, परिषदांची प्रमाणपत्रं, रिफ्रेशर कोर्स, कुणाला मिळालेली पीएच.डी. या फाइलींमागची बरीचशी मेहनत खरी आहे, हे आधीच सांगते. आठवड्याचे 16 तास शिकवून, प्रवेश आणि परीक्षा सांभाळून, रात्री घरातली सगळी झोपल्यावर लिहिणारी माणसं माझ्या डोळ्यांसमोर आहेत. त्यांचं मनापासून कौतुक आहे.

पण एक माणूस फाइल घेऊन आलाच नाही. आमच्या वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेतले मामा.

आमच्या विभागात 2400 नमुन्यांचं हर्बेरियम, म्हणजे सुकवून जपलेल्या वनस्पतींचा संग्रह आहे. गोळा केलेली वनस्पती वर्तमानपत्राच्या घड्यांमध्ये दाबून ठेवायची, पूर्ण सुकेपर्यंत कागद बदलत राहायचे, मग जाड कागदावर चिकटवून शिवायची आणि खाली स्थळ, तारीख, संकलकाचं नाव लिहायचं. ऐकायला सोपं वाटतं. पावसाळ्यात कागद दोन दिवस बदलले नाहीत तर बुरशी चढते आणि नमुना फुकट जातो. आणि सह्याद्रीवरच्या कितीतरी वनस्पती फुलतात त्या नेमक्या पावसाळ्यातच. गणपतीच्या सुट्टीत कॉलेज बंद असताना मामा सायकलवरून येऊन कागद बदलून जायचे. कुणी सांगितलं नव्हतं. मी रुजू झाले त्या वर्षी त्यांनीच मला दाखवलं, की फुलाची एक पाकळी उलटी ठेवून दाबायची, म्हणजे आतली बाजूही दिसते. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधातले नमुने त्यांच्या हातचे आहेत. प्रबंध माझ्या ‘यशा’त धरला गेला. नमुन्यांचा उल्लेख कुठेच नाही.

हे असं का होतं, ते नीट बघायला हवं. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 च्या नियमावलीत एपीआय, म्हणजे शैक्षणिक कामगिरीचा गुणांक आणला आणि शिक्षकाचं काम गुणांत मोजायला सुरुवात झाली. 2018 च्या नियमावलीत तो बदलला, तरी संशोधनाचे गुण राहिलेच. विज्ञानातल्या शोधनिबंधाला 8, भाषा आणि मानव्यविद्यांत 10. दोनच लेखक असतील तर प्रत्येकी 70 टक्के. त्याहून जास्त असतील तर मुख्य लेखकाला 70 आणि बाकीच्यांना प्रत्येकी 30. बढती यावर अवलंबून, म्हणजे घराचा हप्ताही यावरच. मग छापून आणायची घाई होणारच, आणि त्या घाईवर पोसलेली नियतकालिकं निघणारच. मे 2018 मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून 4,305 नियतकालिकं काढावी लागली. त्याआधी पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली नियतकालिकं तपासली, तेव्हा त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक हलक्या दर्जाची असू शकतात असं दिसलं होतं. पुढे 2019 मध्ये आयोगाचीच नियतकालिकांची नवी, केअर यादी आली, 2025 मध्ये तीही बंद झाली. याद्या येतात-जातात. मोजण्याची सवय मात्र आपल्या अंगवळणी पडली आहे.

मला सारखं पुण्याचं डेक्कन कॉलेज आठवतं. तिथे 1948 मध्ये डॉ. सुमित्र मंगेश कत्रे यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम हाती घेतलं. ऋग्वेदापासून पुढचे सुमारे 1500 ग्रंथ वाचायचे, शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला ते एकेका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठ्या अकारविल्हे खणांत लावायच्या. अशा जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या जमल्या. नुसत्या चिठ्ठ्या जमवण्यात पंचवीसेक वर्षं गेली, आणि पहिला भाग छापून यायला 1976 साल उजाडलं. पस्तीसच्या आसपास खंड झाले तरी कोश अजून ‘अ’ या अक्षरातच आहे. 1955 मध्ये कुणी अभ्यासकाने लिहिलेली चिठ्ठी आजचा संपादक हातात घेतो आणि तिच्या भरवशावर नोंद लिहितो. चिठ्ठ्या नकलून काढणारे, क्रमाने लावणारे, जीर्ण झालेल्या जपणारे, हे सगळे त्या नोंदीत आहेत. तिथे 70 टक्के कुणाचे आणि 30 कुणाचे, सांगा बरं.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात प्रा. श्रीरंग यादव यांनी दुर्मीळ कंदीलपुष्पं जपली. नव्या प्रजातींच्या शोधाबद्दल त्यांचं नाव जगभर आदराने घेतलं जातं, आणि ते घ्यायलाच हवं. पण रोपाला पाणी घालणारे, तण काढणारे हातही असतातच ना? प्रत्येक उद्यानात असतात.

माझं मागणं मोठं नाही. अहवालात शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या नावापुढे फक्त ‘प्रशिक्षणात सहभाग’ लिहून थांबू नका. ग्रंथपालांनी पुराच्या पाण्यातून किती पुस्तकं वाचवली, ऑफिसमधल्या ताईंनी शिष्यवृत्तीचे किती अडकलेले अर्ज पाठपुरावा करून मार्गी लावले, कोणत्या सरांनी दहा वर्षं गावातल्या विहिरींची पातळी मोजली, ते लिहा. या कामांचं प्रमाणपत्र नसतं. काम मात्र समोर असतं, जाऊन बघता येतं.

यंदा मी प्राचार्यांची परवानगी घेऊन एक पान वाढवलंय. त्यात हर्बेरियम आणि मामांचं नाव टाकलं. परवा त्यांना मसुदा वाचून दाखवला. ऐकून घेतला, काही बोलले नाहीत, बाटल्या धुवायला निघून गेले. चारच्या सुमारास परत आले.

“मॅडम, एक दुरुस्ती करा. पहिले आठशे कागद माझे नाहीत. ते माझ्याआधीच्या मामांनी शिवलेत. त्यांचा टाका बारीक आहे, बघा.”

कपाट उघडून बघितलं. खरंच बारीक आहे. त्या मामांचं पूर्ण नाव विभागात आज कुणालाच आठवत नाही. जुन्या पगारपत्रकांचे गठ्ठे माळ्यावर आहेत, सोमवारी काढून देतो असं हेडक्लार्क म्हणालेत. तोवर अहवाल छपाईला द्यायचा थांबवलाय.